फीड रीडर वापरायला शिकताना: पत्ता शोधण्यापासून तुंबलेली यादी उपसण्यापर्यंत

फीडबद्दल नवख्यांचा पहिला गैरसमज असा, की वेबसाइट आपल्याला बातम्या पाठवते. ती काहीच पाठवत नाही. ती आपल्या सर्व्हरवर फीड नावाची एक फाइल ठेवते आणि नवा मजकूर आला की त्या फाइलमध्ये भर घालते, एवढेच तिचे काम. आपण वापरतो तो फीड रीडर ठरावीक वेळाने त्या फाइलपाशी जातो, नवीन काही आहे का ते पाहतो आणि जे सापडेल ते आपल्या यादीत आणून ठेवतो. फेरी मारतो तो आपला रीडर. बातमी उशिरा का आली, मधल्या चार बातम्या कुठे गेल्या, वाचलेल्याच गोष्टी पुन्हा न वाचलेल्या म्हणून का उगवल्या, यांतल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर या एका गोष्टीत आहे. म्हणून आधी ती पक्की करून घ्यावी.

त्या फाइलमध्ये असते काय

फीडचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला तर कोनी कंसांचे जंगल दिसते, किंवा फाइल थेट डाउनलोड होते. काही बिघडलेले नसते. ती एक्सएमएल भाषेत लिहिलेली साधी मजकुराची फाइल आहे आणि ती माणसासाठी लिहिलेलीच नाही. पूर्वी फायरफॉक्ससारखे ब्राउझर ती नीटनेटकी मांडून दाखवत. डिसेंबर २०१८च्या आवृत्ती ६४पासून फायरफॉक्सने ती सोय काढून टाकली. तेव्हापासून रीडर वेगळा घ्यावा लागतो.

फाइलच्या सुरुवातीला साइटची ओळख असते: नाव, मुख्य पत्ता, थोडक्यात वर्णन. त्याखाली एकेक नोंद. नोंदीत शीर्षक, लेखाची लिंक, तारीख, सारांश किंवा पूर्ण मजकूर आणि एक ओळखखूण. ही ओळखखूण वाचकाला कधीच दिसत नाही, पण रीडरचा सगळा हिशोब तिच्यावर चालतो. खूण ओळखीची असेल तर नोंद जुनी, अनोळखी असेल तर नवी. शीर्षक काय आहे याच्याशी रीडरला सहसा देणेघेणे नसते.

फीडचे प्रकार दोन-तीन आहेत. आरएसएस मार्च १९९९मध्ये नेटस्केपने आणले, आज सर्रास दिसते ती त्याची २.० ही आवृत्ती २००२ची. ॲटम हे डिसेंबर २००५मध्ये इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्ध झाले. २०१७मध्ये जेसन फीड आले, ते कमी ठिकाणी दिसते. प्रचलित रीडर आरएसएस आणि ॲटम दोन्ही वाचतात, तेव्हा निवडीची चिंता नको. एखादी साइट दोन्ही देत असेल तर कुठलीही एक घ्यावी. दोन्ही घेतल्या तर प्रत्येक लेख दोनदा येतो, हा नवख्यांचा ठरलेला गोंधळ. फरक एकच लक्षात ठेवण्याजोगा आहे: ॲटममध्ये प्रत्येक नोंदीला ओळखखूण आणि बदलाची तारीख सक्तीची आहे, आरएसएस २.०मध्ये शीर्षक किंवा वर्णन यांपैकी एक असले की नोंद वैध ठरते, बाकी सगळे ऐच्छिक. त्यामुळे काही आरएसएस फीडमध्ये तारखाच नसतात आणि रीडर आपण फेरी मारली ती वेळ लेखाची वेळ म्हणून लावून मोकळा होतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे फाइलमध्ये सगळा इतिहास नसतो. वर्डप्रेसच्या साइटवर मुळातली सेटिंग न बदलल्यास शेवटच्या १० नोंदी असतात, यूट्यूबच्या चॅनेलच्या फीडमध्ये शेवटचे १५ व्हिडिओ. नवी नोंद वरून आली की सर्वांत जुनी खालून बाहेर पडते. रीडर तोवर आला नसेल तर ती नोंद त्याला कधीच दिसत नाही.

रीडर निवडताना: फेरी कोण मारणार?

रीडरच्या जाहिरातीत दिसण्याबद्दल, रंगांबद्दल खूप बोलले जाते. खरा प्रश्न एकच असतो: फेरी कोणाच्या यंत्रावरून मारली जाणार आहे?

फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर, द ओल्ड रीडर या वेब सेवा आहेत. खाते उघडायचे, फीड जोडायच्या. फेऱ्या त्यांचे सर्व्हर मारतात. आपला संगणक आठवडाभर बंद असला तरी नोंदी गोळा होत राहतात आणि फोनवर वाचलेले संगणकावरही वाचलेलेच दिसते. उलट बाजू अशी, की आपण काय वाचतो ते त्या कंपनीला कळते, मोफत खात्यात फीडच्या संख्येवर किंवा सोयींवर मर्यादा असते आणि सेवा बंद पडू शकते. गूगल रीडर ऑक्टोबर २००५मध्ये सुरू झाला आणि लोकप्रिय असूनही १ जुलै २०१३ रोजी बंद करण्यात आला. म्हणून यादीची प्रत स्वतःकडे ठेवायची. ते कसे करायचे ते शेवटी येईलच.

दुसरा प्रकार यंत्रावरच चालणाऱ्या प्रोग्रामचा. मॅक आणि आयफोनवर नेटन्यूजवायर, अँड्रॉइडवर फीडर, विंडोज-लिनक्स-मॅक तिन्हींवर ईमेलचाच प्रोग्राम असलेला थंडरबर्ड. खाते लागत नाही, यादी आपल्या यंत्रावर राहते. पण यंत्र बंद तर फेरी बंद. गणित करून पाहा: एखादी बातम्यांची साइट दिवसाला ४० नोंदी टाकते आणि फीडमध्ये २० ठेवते. म्हणजे फीडमध्ये जेमतेम अर्ध्या दिवसाचा ऐवज. शनिवार-रविवार लॅपटॉप मिटलेला असेल तर सोमवारी त्या दोन दिवसांतल्या बहुतेक बातम्या मिळणारच नाहीत, आणि त्या सुटल्या हेही कळणार नाही. तेच महिन्यातून दोनदा लिहिणाऱ्या लेखकाच्या बाबतीत १० नोंदींचे फीड पाच महिने पुरते. तिथे यंत्र महिनाभर बंद असले तरी काही बिघडत नाही.

फ्रेशआरएसएस, मिनिफ्लक्स किंवा टायनी टायनी आरएसएस स्वतःच्या सर्व्हरवर बसवणे हा तिसरा मार्ग. त्यात दोन्ही बाजूंचे फायदे मिळतात, पण सर्व्हर सांभाळायची सवय नसेल तर सुरुवात इथून करू नये.

एकाच यंत्रावर, सावकाश लिहिणाऱ्या मोजक्या साइट वाचायच्या असतील तर स्थानिक प्रोग्राम पुरे. भरभर बदलणाऱ्या साइट असतील किंवा फोन आणि संगणक दोन्हींवर वाचायचे असेल तर वेब सेवा घ्यावी. मधली वाटही आहे: नेटन्यूजवायरसारखे ॲप फीडली किंवा इनोरीडरच्या खात्याला जोडता येते. फेऱ्या सेवा मारते, वाचायला ॲप आपल्या आवडीचे.

पहिली फीड जोडणे

१. रीडरमध्ये फीड जोडण्याचे बटण शोधा. बहुतेक ठिकाणी ते अधिकचे चिन्ह असते. थंडरबर्डमध्ये आधी खात्यांच्या सेटिंगमधून फीडसाठी वेगळे खाते तयार करावे लागते, मग डावीकडे आलेल्या त्या खात्यावर राइट क्लिक करून सबस्क्राइब निवडायचे.

२. हव्या त्या साइटच्या मुख्य पानाचा पत्ता कॉपी करून तिथे पेस्ट करा. फीडचा नेमका पत्ता माहीत असण्याची गरज सहसा पडत नाही. बहुतेक साइट आपल्या पानाच्या अदृश्य भागात 'या पानाचे फीड अमुक ठिकाणी आहे' अशी ओळ लिहून ठेवतात आणि रीडर ती वाचतो.

३. एकापेक्षा अधिक फीड समोर आल्या तर नावे नीट वाचा. वर्डप्रेसच्या साइटवर मुख्य फीडबरोबर प्रतिक्रियांचे फीडही जाहीर केलेले असते. घाईत ते निवडले जाते आणि मग लेखांऐवजी वाचकांचे वादविवाद येऊ लागतात.

४. जोडल्यावर सर्वांत वरच्या नोंदीची तारीख पाहा. साइटवर कालचा लेख आहे आणि फीडमधली शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, तर ते फीड मेलेले आहे. साइटची नवी रचना झाली, नवे फीड दुसरीकडे गेले आणि जुनी फाइल तशीच पडून राहिली, असे पुष्कळदा होते.

५. एक नोंद उघडून पाहा. पूर्ण लेख येतो की दोन ओळी, हे आताच कळलेले बरे.

पत्ता आपोआप सापडला नाही तर

साइटचे पान ब्राउझरमध्ये उघडून कंट्रोल आणि यू दाबा. पानाचा मूळ मजकूर दिसेल. त्यात कंट्रोल आणि एफने आरएसएस ही तीन रोमन अक्षरे शोधा. नाही मिळाली तर ॲटम हा शब्द शोधा. ज्या ओळीत 'अल्टरनेट' हा शब्दही आहे ती ओळ आपली. तिच्यातल्या अवतरणचिन्हांत फीडचा पत्ता असतो. तो पत्ता नुसत्या स्लॅशने सुरू होत असेल तर त्याच्या आधी साइटचे डोमेन नाव लावायचे.

हेही जमले नाही तर अंदाज चालतो, कारण बहुतेक साइट मोजक्याच यंत्रणांवर उभ्या असतात. खालचे पत्त्यांचे तुकडे वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीत आहेत. टाइप करताना रोमन अक्षरे वापरायची आणि मध्ये कुठेही जागा सोडायची नाही.

वर्डप्रेस: साइटच्या पत्त्यापुढे स्लॅश आणि फीड (एफ-ई-ई-डी). हीच युक्ती एखाद्या विभागाच्या, टॅगच्या किंवा लेखकाच्या पानाच्या पत्त्यापुढे लावली तर फक्त त्या विभागाचे, त्या लेखकाचे फीड मिळते. ही सोय फार मोलाची आहे आणि फार कमी लोक वापरतात. सबस्टॅकवरही स्लॅश फीड चालते. ब्लॉगरवर स्लॅश फीड्स, स्लॅश पोस्ट्स, स्लॅश डीफॉल्ट. मीडियमवर फीड हा शब्द डोमेन आणि लेखकाच्या नावाच्या मध्ये जातो. रेडिटच्या समूहाच्या किंवा मॅस्टोडॉनवरच्या एखाद्याच्या पानाच्या पत्त्याला शेवटी टिंब आणि आरएसएस जोडायचे. गिटहबवर एखाद्या प्रकल्पाच्या नव्या आवृत्त्या कळायला हव्या असतील तर त्याच्या रिलीझेस पानाच्या पत्त्यापुढे टिंब आणि ॲटम. आपण वापरतो त्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीची खबर ठेवायला याहून साधा उपाय नाही.

यूट्यूबच्या चॅनेलचा पत्ता दिला की बरेच रीडर फीड स्वतः शोधतात. नाही सापडले तर चॅनेलच्या माहितीच्या चौकटीत शेअरच्या बटणाखाली चॅनेल आयडी कॉपी करण्याचा पर्याय असतो. यू आणि सी या मोठ्या अक्षरांनी सुरू होणारा तो २४ अक्षरी आयडी. यूट्यूबच्या पत्त्यापुढे स्लॅश फीड्स, स्लॅश व्हिडिओज, टिंब एक्सएमएल, मग प्रश्नचिन्ह, चॅनेल अधोरेषा आयडी, बरोबरचे चिन्ह आणि शेवटी तो आयडी. यात शॉर्ट्सही येतात, ते नको असतील तर रीडरची गाळणी लावावी लागते.

पॉडकास्ट म्हणजेही फीडच; नोंदीला ऑडिओ फाइलचा पत्ता जोडलेला असतो, एवढाच फरक. मात्र पॉडकास्टच्या ॲपमधला कार्यक्रमाचा पत्ता म्हणजे त्याचे फीड नव्हे. फीडचा पत्ता सहसा कार्यक्रमाच्या स्वतःच्या साइटवर मिळतो. एकाच ॲपपुरता राखून ठेवलेल्या कार्यक्रमाला सार्वजनिक फीड नसते. तिथे शोधण्यात वेळ घालवू नये.

आणि ज्या साइटला फीडच नाही तिचे काय? आरएसएस-ब्रिज, आरएसएसहब यांसारखी मोफत साधने पानाची रचना वाचून फीड तयार करतात. काही वेब सेवा हेच काम पैसे घेऊन करतात. चालते तोवर छान चालते. पानाची रचना बदलली की ते फीड गप्प होते, आणि गप्प फीड व नवीन काही न लिहिणारी साइट यांत रीडरला फरक कळत नाही. म्हणून अशा फीड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून अधूनमधून मूळ साइटशी ताडून पाहाव्यात.

फक्त ईमेलने येणाऱ्या वार्तापत्रासाठी किल द न्यूजलेटर ही सेवा आहे. ती एक ईमेल पत्ता आणि एक फीड बनवून देते. तो पत्ता वार्तापत्राच्या नोंदणीत द्यायचा. नोंदणी पक्की करण्याची लिंक असलेले पहिले पत्रही फीडमध्येच येते, तेव्हा जोडल्यानंतर थोड्या वेळाने ते उघडून लिंक दाबायला विसरू नये. त्या फीडचा पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला सगळी पत्रे वाचता येतात, म्हणून असा ईमेल पत्ता बँकेला किंवा कुठल्याही खात्याच्या पासवर्डसाठी कधीही देऊ नये.

फेरी किती वेळाने

स्थानिक प्रोग्राममध्ये हा आकडा आपण ठरवतो. ३० ते ६० मिनिटे पुष्कळ झाली. महिन्यातून एकदा लिहिणाऱ्या साइटसाठी दिवसातून एक फेरीही चालते. पाच मिनिटांवर लावून फायदा होत नाही, तोटा मात्र होऊ शकतो. चांगला रीडर प्रत्येक फेरीला 'मागच्या वेळेनंतर फाइल बदलली का?' असे विचारतो आणि बदलली नसेल तर सर्व्हर ३०४ या क्रमांकाचे छोटेसे उत्तर देऊन मोकळा होतो, अख्खी फाइल पाठवत नाही. तरीही सतत दार वाजवणाऱ्याला सर्व्हर ४२९ म्हणजे 'विनंत्या फार झाल्या' असे सुनावतो, पुढे पत्ताच अडवतो.

वेब सेवांचे वेळापत्रक त्या सेवेच्या हाती असते. थोडेच वाचक असलेल्या फीडकडे काही सेवा कमी वेळा फिरकतात. वेबसब नावाची पद्धत, जी २०१८मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मानक म्हणून मान्य केली, ती वापरणाऱ्या साइट नवी नोंद येताच सेवेच्या सर्व्हरला खबर देतात. पण दोन्ही टोकांना ती सोय असावी लागते. त्यामुळे वादळाचा इशारा किंवा तातडीची सूचना मिळवायला फीडवर विसंबू नये. तासाभराच्या उशिराने ज्याचे काही बिघडत नाही, असाच मजकूर फीडमध्ये शोभतो.

फोनवर स्थानिक ॲप असेल आणि ते उघडल्याशिवाय काहीच ताजे होत नसेल, तर दोष बहुधा बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगचा असतो. अँड्रॉइडमध्ये त्या ॲपपुरती ती मर्यादा काढता येते. आयफोनवर पार्श्वभूमीत केव्हा काम करू द्यायचे ते फोनच ठरवतो. तिथे वेब सेवेच्या खात्याला ॲप जोडणे हाच भरवशाचा उपाय.

यादी तुंबते ती फोल्डर चुकल्यामुळे

फीड रीडर सोडून देणारे बहुतेक लोक तांत्रिक अडचणीने सोडत नाहीत. डाव्या बाजूला न वाचलेल्या नोंदींचा आकडा हजारावर जातो, तो बघून अपराधी वाटते आणि एके दिवशी रीडर उघडणेच बंद होते.

याचे मूळ विषयवार फोल्डरमध्ये असते. तंत्रज्ञान, खेळ, साहित्य, विज्ञान अशी मांडणी पहिल्या आठवड्यात देखणी दिसते. पण विज्ञानाच्या फोल्डरमध्ये दिवसाला ५० नोंदी टाकणारी बातम्यांची साइट आणि दोन महिन्यांतून एक दीर्घ लेख लिहिणारा संशोधक शेजारी बसले, की संशोधकाचा लेख त्या गर्दीत बुडतो. आणि रीडर घेतला होता तो नेमका त्या लेखासाठी.

फोल्डर वेगानुसार आणि महत्त्वानुसार करावेत. तीन पुरतात. पहिला 'चुकवायचे नाही': क्वचित लिहिणारे, आवडीचे लेखक, ज्या सॉफ्टवेअरवर आपले काम अवलंबून आहे त्याच्या घोषणा. इथली प्रत्येक नोंद निदान उघडून पाहायची. दुसरा 'सवडीने': आठवड्याला दोन-चार लेख टाकणाऱ्या साइट. तिसरा 'ओघ': बातम्या आणि जे जे दिवसाला डझनांनी येते ते. ओघातले सगळे वाचायचे नसतेच. शीर्षकांवरून नजर फिरवायची, हवे ते उघडायचे आणि बाकी सगळे एका बटणाने वाचलेले म्हणून टाकायचे. ते बटण दाबताना हात अडखळू देऊ नये. बऱ्याच रीडरमध्ये 'एका दिवसाहून जुने सगळे वाचलेले करा' असा पर्याय असतो, तो या फोल्डरसाठीच बनला आहे. जमल्यास न वाचलेल्यांचा आकडाही लपवावा. ओघाच्या फोल्डरचा तर नक्कीच.

सुरुवात १० ते १५ फीडने करावी. कुणाची तरी दोनशे 'उत्तम' फीडची तयार यादी एका झटक्यात आयात करण्याचा मोह होतो; तो माणूस वेगळा, त्याचे काम वेगळे, त्याची यादी आपल्या काय कामाची? मोठ्या साइटचे मुख्य फीड घेण्याआधी विभागाचे फीड मिळते का ते पाहावे. ५० नोंदींच्या जागी सहा येतात आणि त्या सहाही आपल्या कामाच्या असतात.

गाळणी हे यानंतरचे हत्यार. अमुक शब्द शीर्षकात असेल तर नोंद लपव, किंवा उलट, असेल तरच दाखव. वेब सेवांत ही सोय अनेकदा सशुल्क असते. मराठी मजकुरावर गाळणी लावताना एक अडचण येते. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की त्याचे रूप आतूनच बदलते. 'निवडणूक' अशी गाळणी लावली तर 'निवडणुकीत', 'निवडणुकांचा' या शीर्षकांवर ती लागणारच नाही, कारण णू-चा णु झाला. 'पाऊस' लिहून ठेवले की 'पावसाने' निसटतो. म्हणून पूर्ण शब्द न देता समान राहणारे तुकडे द्यावेत: 'निवडणू' आणि 'निवडणु' अशी दोन्ही, 'पाऊस' आणि 'पावस' अशी दोन्ही. आणि गाळणी अख्खा शब्द जुळवते की शब्दाचा तुकडाही, हे त्या रीडरमध्ये एखादी चाचणी लावून आधी बघून घ्यावे.

महिन्यातून एकदा छाटणी करावी. ज्या फीडमधले काहीच महिनाभर उघडले नाही, ते काढून टाकावे. पत्ता कुठे पळून जात नाही, पुन्हा हवे झाले तर जोडता येते.

बिघाड आणि त्यांची कारणे

एके सकाळी एखाद्या साइटच्या जुन्या सगळ्या नोंदी पुन्हा न वाचलेल्या म्हणून आल्या, तर त्यांच्या ओळखखुणा बदलल्या. साइट नव्या डोमेनवर गेली किंवा एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर आली आणि लेखाचा पत्ताच खूण म्हणून वापरलेला असला, की असे होते. सगळे वाचलेले करून टाका, विषय संपला. हेच रोज घडत असेल तर साइट दर वेळी नवी खूण तयार करते आहे. ते साइटच्या मालकालाच दुरुस्त करता येते. एखादाच जुना लेख पुन्हा वर आला, तर लेखकाने तो सुधारलेला असतो. बदललेली नोंद पुन्हा दाखवायची की नाही, याची सेटिंग काही रीडरमध्ये असते.

फीड अचानक थंडावले तर त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. ब्राउझरमध्ये ताज्या तारखांसह फाइल दिसते पण रीडरला मिळत नाही, याचा अर्थ साइटपुढे उभ्या असलेल्या सुरक्षा यंत्रणेने रीडरला यंत्रमानव समजून अडवले. अशा वेळी रीडर ४०३ ही त्रुटी दाखवतो. साइटच्या मालकाला कळवणे किंवा दुसऱ्या रीडरमधून प्रयत्न करणे, एवढेच हाती राहते. ४०४ असेल तर पत्ता बदलला आहे, साइटच्या मुख्य पानावरून नव्याने शोधा. ४१० म्हणजे फीड कायमचे काढून टाकले आहे.

'फाइल वाचता आली नाही' अशी तक्रार रीडर करतो तेव्हा एक्सएमएलमध्ये चूक असते. ब्राउझर वेबपानातल्या चुका पोटात घालतो. एक्सएमएलच्या बाबतीत नियम असा, की एक अक्षर चुकले तर अख्खी फाइल बाद. काही रीडर थोडे सैल सोडतात, म्हणून तेच फीड एकात चालते आणि दुसऱ्यात नाही. नेहमीचे गुन्हेगार दोन. शीर्षकात 'आणि' या अर्थाचे अँपरसँड चिन्ह तसेच उघडे टाकलेले, किंवा फाइलच्या पहिल्या ओळीआधी एक कोरी ओळ शिरलेली. दुसरा प्रकार वर्डप्रेसवर एखादे प्लगइन किंवा थीम करून ठेवते. डब्ल्यूथ्रीसीच्या फीड तपासणीच्या पानावर पत्ता टाकला की कितव्या ओळीत काय चुकले ते मिळते; साइटच्या मालकाला तोच निकाल पाठवला तर दुरुस्ती लवकर होते.

देवनागरीच्या जागी चौकोन दिसत असतील तर यंत्रात टंक (फॉन्ट) नाही. प्रश्नचिन्हे किंवा परकी अक्षरे दिसत असतील तर फाइल एका संकेतप्रणालीत, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या एका पद्धतीत, लिहिली आहे आणि सर्व्हर दुसरीच सांगतो आहे; रीडर बदलून कधी कधी सुटते, एरवी नाही.

अर्धा मजकूर येणे हा बिघाड नव्हे, तो साइटने घेतलेला निर्णय आहे; वर्डप्रेसमध्ये त्यासाठी साधा पर्यायच आहे. काही रीडर 'पूर्ण मजकूर' या बटणावर मूळ पान आणून त्यातला लेख दाखवतात. सदस्यत्व घेतल्याशिवाय न उघडणारी पाने त्यानेही उघडत नाहीत. एखादी नोंद दिवसेंदिवस सर्वांत वर चिकटून राहिली, तर तिची तारीख पाहा, ती भविष्यातली निघते.

यादीची प्रत आणि खासगीपण

जवळजवळ प्रत्येक रीडरच्या सेटिंगमध्ये ओपीएमएल निर्यात करण्याचा पर्याय असतो. त्यातून निघणाऱ्या छोट्या फाइलमध्ये फीडचे पत्ते आणि फोल्डर असतात. काय वाचले, कशाला तारा दिला, गाळण्या कोणत्या लावल्या, हे त्यात येत नाही. जपून ठेवायचे लेख असतील तर ते वेगळे साठवावे लागतात. दर तीन-चार महिन्यांनी एक प्रत काढून ठेवावी. नव्या रीडरमध्ये जाताना ती आयात करायची, फीडची संख्या जुन्याशी जुळते का ते पाहायचे आणि मगच जुने खाते बंद करायचे. आयात अडकली असे वाटून तीच फाइल पुन्हा देऊ नये. शंभर फीडना पहिल्या फेरीसाठी वेळ लागतो, आणि दोनदा आयात केल्यास काही रीडर सगळ्या फीडची दुसरी प्रत उभी करतात.

फीड जोडताना साइटला आपला ईमेल द्यावा लागत नाही. पण नोंदीतली चित्रे बहुधा साइटच्याच सर्व्हरवरून येतात. म्हणजे स्थानिक प्रोग्रामात नोंद उघडली की आपला आयपी पत्ता आणि वेळ तिकडे पोहोचते. हे नको असेल तर चित्रे आपोआप उघडण्याची सोय बंद ठेवावी.

पैसे भरून ऐकायचे पॉडकास्ट किंवा सदस्यांसाठीचे लेख यांच्या फीडच्या पत्त्यात आपली वैयक्तिक किल्ली गुंफलेली असते; पत्त्यातली ती लांबलचक अर्थहीन अक्षरे तीच. असा पत्ता कुणाला दिला तर आपले सदस्यत्वच दिल्यासारखे होते. काही वेब सेवांत जोडलेले फीड इतर वापरकर्त्यांच्या शोधातही येऊ शकते, म्हणून किल्लीवाले पत्ते स्थानिक ॲपमध्येच ठेवणे बरे. मित्राला आपली ओपीएमएल फाइल देण्याआधी ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून अशा ओळी शोधाव्यात आणि पुसून टाकाव्यात.